फलाटापुरता कायदा

मनमाडहून निघालेली गाडी अंकाई, नगरसूल सोडून रोटेगाव घेते आणि मग लासूर स्टेशनला येते. लासूर गाव वेगळे आणि लासूर स्टेशन वेगळे, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. गाव जुने, शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीचे. स्टेशन गावापासून अंतरावर, आणि त्याच्याभोवती वाढलेली बाजारपेठ. आज तिथे कांदा, मका, कापसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. स्टेशन गंगापूर तालुक्यात, गाव वैजापुरात, पण सर्व काही एकाच जिल्ह्यात, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात आणि या लेखाच्या काळात औरंगाबाद म्हणत. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कुणी माणूस या फलाटावरून उतरून बाजाराकडे चालू लागला, तर कुंपण ओलांडताना त्याच्या नकळत त्याच्या अंगावरचा कायदा बदलत असे.

हे अलंकारिक बोलणे नाही. निजामाच्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या पट्ट्यावरील अधिकारक्षेत्र इंग्रज सरकारकडे दिलेले होते. फलाटावर खिसा कापला गेला तर प्रकरण इंग्रजी रेसिडेंटच्या हाताखालील न्यायाधिकाऱ्याकडे जायचे आणि भारतीय दंडसंहिता लागायची. तोच खिसा स्टेशनबाहेरच्या दुकानासमोर कापला गेला तर निजामाचे पोलीस, निजामाची अदालत आणि आसफिया दंडसंहिता. चोर तोच, खिसा तोच. दोन कायद्यांच्या मध्ये तारेचे कुंपण.

सार्वजनिक कायदा म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी आपल्याकडे सहसा राज्यघटनेच्या उद्देशिकेपासून सुरुवात करतात. दोन भावांतला वाटणीचा तंटा, सावकार आणि कुळातला व्यवहार, हा खासगी कायदा. माणूस आणि राज्य यांच्यामधला, किंवा राज्याच्या एका अंगाचा दुसऱ्या अंगाशी असलेला संबंध ज्याने ठरतो, तो सार्वजनिक कायदा. व्याख्या बरोबर आहे, पण तिने काही कळत नाही. मला वाटते, या विषयाचा अभ्यास एका अडाणी प्रश्नापासून सुरू करावा : तू मला पकडतोस, पण तुला पकडण्याचा अधिकार कुणी दिला, आणि कुठपर्यंत दिला? हा प्रश्न विचारता येतो की नाही, आणि विचारल्यावर उत्तर द्यायला कुणी बांधील असतो की नाही, यावर राज्याचा स्वभाव ठरतो. निजामाच्या राज्यात या प्रश्नाचा इतिहास गंमत म्हणजे रेल्वेच्या रुळांबरोबर चालतो.

१८८३ पासून सुरुवात करू. हैदराबादहून चांद्याच्या कोळशाच्या मुलखाकडे रेल्वे नेण्याची योजना निघाली. पैसा लंडनच्या भांडवलदारांचा, आणि त्यांच्या व्याजाची हमी निजाम सरकारच्या खजिन्याची. म्हणजे नफा झाला तर कंपनीचा आणि तोटा झाला तर रयतेचा. हैदराबादेतील काही सुशिक्षित मंडळींनी विचारले की, कराराच्या अटी काय आहेत ते आम्हाला सांगा, जाहीर चर्चा होऊ द्या. त्यांच्यात प्राध्यापक अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. मुल्ला अब्दुल कय्यूम होते. मागणी किती साधी! बंड नाही, कर नाकारणे नाही. फक्त कागद दाखवा. उत्तर म्हणून अघोरनाथांना राज्याबाहेर घालवण्यात आले. पुढे त्यांना परत येऊ दिले, ही गोष्ट वेगळी. परंतु हैदराबाद संस्थानातील पहिली म्हणावी अशी राजकीय चळवळ ही सरकारी करार वाचायला मिळावा म्हणून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच हमीच्या पद्धतीने पुढे हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे झाली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा तिचा मीटर गेजचा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि लासूरला स्टेशन आले.

रेल्वेच्या जमिनीवरच्या इंग्रजी अधिकाराचे मूळ मात्र एका पत्रव्यवहारात होते. १८८७ मध्ये निजाम सरकारने आपल्या रेल्वेच्या पट्ट्यापुरते दिवाणी व फौजदारी अधिकार इंग्रजांना दिले; इतर संस्थानांतून जाणाऱ्या मार्गांवर असतात तसे. वाक्य मोघम होते. अधिकार द्यायची कागदपत्रे मोघम असली की ज्याच्या हातात बळ असते तो त्यांचा अर्थ लावतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी अर्थ लावला की आता हा पट्टा आमचा.

मग निजामाचा एक प्रजाजन, महंमद युसुफुद्दीन, निजामाच्याच राज्यातील एका रेल्वे स्टेशनवर पकडला गेला. वॉरंट होते दूर सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याचा रेल्वेशी काडीचा संबंध नव्हता. तो स्टेशनबाहेर असता तर इंग्रजांना निजाम सरकारकडे रीतसर मागणी करावी लागली असती. तो फलाटावर होता म्हणून उचलला. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९७ मध्ये निकाल लागला. युसुफुद्दीन जिंकला. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा : रेल्वेची जमीन निजामाच्याच राज्याचा भाग राहिली आहे; इंग्रजांना तिथे जो अधिकार मिळाला तो दिलेल्या कागदाइतकाच; रेल्वेच्या कारभारासाठी दिलेला अधिकार वापरून रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी निजामाच्या प्रजाजनाला तिथे अटक करता येणार नाही.

या निकालाकडे दोन प्रकारे पाहता येते. इंग्रजी न्यायाची थोरवी म्हणून त्याची तारीफ करणारे त्या काळी पुष्कळ असतील. मला त्यात रस नाही. ज्या साम्राज्याने सबंध देश कोणत्या कागदाच्या आधारे घेतला हे कधी विचारू दिले नाही, त्याने फलाटापुरता कागद तपासला, एवढेच. पण जे घडले ते घडले. निजामाच्या राज्याच्या भूमीवर राज्यकर्त्या सत्तेला एका सामान्य माणसाने विचारले की तुझा अधिकार कुठपर्यंत, आणि त्या सत्तेला उत्तर द्यावे लागले. कुंपणाच्या आतल्या बाजूला हे शक्य झाले. बाहेरच्या बाजूला, जिथे तो माणूस राहत होता, तिथे असा प्रश्न आपल्या राजाला विचारण्याची सोय नव्हती.

म्हणजे निजामाचे राज्य बेबंद होते असे नव्हे. मराठवाड्यात आपण रझाकारांच्या आठवणीने मागचे सगळेच काळे रंगवतो. अभ्यासकाला ते चालत नाही. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली आणि अंमलाला घडी बसवली. पुढे कायदे करणारे कौन्सिल आले. १९२१-२२ मध्ये न्यायखाते महसुली अंमलापासून वेगळे करण्यात आले. ही गोष्ट मुंबई इलाख्याने लक्षात घ्यावी अशी आहे, कारण तिथे त्यासाठीचा कायदा व्हायला १९५१ साल उजाडले. हैदराबादच्या हायकोर्टाला १९२८ मध्ये सनद मिळाली. उस्मानिया विद्यापीठात कायदा उर्दूतून शिकवला जाई, आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते. देशी भाषेतून उच्च शिक्षणाचा असा प्रयोग तेव्हा इतरत्र दिसत नाही. मात्र औरंगाबाद, बीड, परभणीच्या मराठी माणसासाठी ती देशी भाषा नव्हती. त्याच्या जमिनीची मिसल, त्याच्या मुलाची पाठ्यपुस्तके, त्याच्या खटल्याचा निकाल, सगळे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे.

खरी अडचण आणखी आत होती. ही सगळी व्यवस्था उभी होती ती फर्मानावर. हायकोर्टाची सनद फर्मानाने आली, ती फर्मानाने जाऊही शकली असती. पुढे स्वतंत्र भारतात जुन्या फर्मानांचे तंटे सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने ही स्थिती फार नेमकी सांगितली. १९५५ मध्ये एका अमिराच्या वारसाहक्काचा वाद होता. निजामाने त्यात वेळोवेळी वेगवेगळी फर्माने काढलेली. न्यायालय म्हणाले, निजाम हाच सर्वोच्च कायदेमंडळ, तोच सर्वोच्च न्यायाधीश, तोच अंमलाचा प्रमुख, आणि यांतल्या कोणत्याही नात्याने वागताना त्याच्यावर घटनेचे बंधन नव्हते. म्हणून फर्मान कायद्याइतकेच बंधनकारक. एका दर्ग्याच्या व्यवस्थेच्या खटल्यातही न्यायालयाने हेच धरले : राजाचा शब्द हा कायदा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या कलमबंद्यांबाबतही पुढे असाच निर्णय झाला, तेव्हा हा दोष एकट्या आसफजाही घराण्याचा म्हणता येत नाही.

राजाचा शब्द कायदा असला की त्याच्या कारकुनाचे परिपत्रकही कायदा होते. याला त्या राज्यात ‘गश्ती’ म्हणत. गश्ती निशान ५३ हे नाव मराठवाड्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी होते. फसली सन १३३९, म्हणजे १९२९-३० चे हे परिपत्रक. त्याच्या आधी १९२१ मध्येच, खिलाफतीच्या दिवसांत, राजकीय स्वरूपाच्या सभांना पूर्वपरवानगीची अट आली होती. गश्तीने ती आवळली. सभा घ्यायची तर आधी परवानगी. खासगी शाळा काढायची तर परवानगी, त्यासाठी वेगळे नियम. सभा राजकीय आहे की नाही हे ठरवणार अधिकारी. त्याने नाही म्हटले तर? वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज. त्यानेही नाही म्हटले तर? तिथे गाडी थांबते. गश्तीला आव्हान द्यायला अदालत नव्हती, कारण अदालत ज्याच्या नावाने बसत होती, त्याच्याच नावाने गश्ती निघत होती. न्यायखाते वेगळे केले तरी उगम वेगळा झाला नव्हता.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते या वातावरणात. परिषदेची भाषा आज वाचली तर मवाळ वाटते : शिक्षण मातृभाषेतून द्या, नागरी स्वातंत्र्य द्या, जबाबदार राज्यपद्धती द्या. ‘जबाबदार’ या शब्दात मात्र सगळे आले होते. कुणाला तरी जबाब द्यावा लागणारी राज्यपद्धती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. जन्माआधीच बंदी घालण्याचा हा प्रकार कायद्याच्या विद्यार्थ्याने कुतूहलाने पाहावा असा आहे. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली, ती लाट हैदराबादला उस्मानियात पोचली, आणि काढून टाकलेल्यांपैकी पुष्कळांनी नागपूर विद्यापीठाचा रस्ता धरला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. काढून टाकण्याच्या हुकमाविरुद्ध दाद मागण्यासारखी जागा राज्यात असती तर राज्य सोडावे लागले नसते.

आणि ज्याचा शब्द कायदा होता, त्याच्या शब्दाची किंमत त्याच्यावरच्या सत्तेपुढे काय होती? वऱ्हाडच्या प्रश्नावर निजामाने असे प्रतिपादन केले की परराष्ट्र व्यवहार सोडता अंतर्गत बाबतीत आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्याला सुनावले की ब्रिटिश सत्ता भारतात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही. गश्ती निघाली त्याच्या तीन-चार वर्षे आधीचे हे पत्र. लासूरच्या शेतकऱ्याला निजामाकडे प्रश्न विचारता येत नव्हता आणि निजामाला व्हाइसरॉयकडे. इतके मात्र झाले की १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. रूळ निजामाचे झाले. अघोरनाथांनी ज्या हमीवर बोट ठेवले होते, तिचा हिशेब जवळपास पन्नास वर्षांनी मिटला.

१५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता संपली आणि तिच्याबरोबर संस्थानांतले त्यांचे दिलेले-घेतलेले सगळे अधिकार. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी लासूरच्या स्टेशनवरचे ते अदृश्य कुंपण पडले. पण ते नेमक्या अशा वेळी पडले की कुंपणाची दुसरी, खरी रेषा तयार झाली होती : लासूरपासून तासा-दोन तासांवर, नगरसूल आणि रोटेगावच्या दरम्यान. तिच्या पश्चिमेला स्वतंत्र भारत, पूर्वेला स्वतंत्र राहू पाहणारे हैदराबाद. मनमाडला स्टेट काँग्रेसचे केंद्र, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे नेते तिथून काम पाहत. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे नेली. ज्या राज्यात सभेला परवानगी लागत होती, ते राज्य जगाच्या सभेत न्याय मागायला उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली.

इथून पुढचा भाग सभा-समारंभांत सांगितला जात नाही, पण सार्वजनिक कायद्याच्या अभ्यासकाला तो सर्वांत रसाळ वाटेल. जिंकलेल्या मुलखात जनरल जे. एन. चौधरी लष्करी राज्यपाल झाले. त्यांचा अधिकार कशावर उभा होता? फौजेवर, असे कुणीही म्हणेल. कायद्याने मात्र तो उभा होता निजामाच्या फर्मानावर! सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाने राज्यकारभाराचे सर्व अधिकार चौधरींकडे सोपवले, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये आणखी एका फर्मानाने स्पष्ट केले की त्यांत कायदे करण्याचा अधिकारही आला. त्या अधिकारातून त्याच महिन्यात जहागिऱ्या नष्ट करणारा कायदा निघाला. फर्मानाने दिलेल्या जहागिऱ्या फर्मानाच्या जोरावर गेल्या. एका जहागीरदाराने पुढे हा कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानिला. १९६० मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला, कारण अनियंत्रित राजाने आपली अनियंत्रित सत्ता दुसऱ्याला दिली तर तीही तितकीच पूर्ण असते. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादसाठी स्वीकारली. ज्या फर्मानाला कुणी प्रश्न विचारू शकत नव्हते, त्या फर्मानानेच प्रश्न विचारण्याचा हक्क आणला.

तो हक्क आला, पण २६ जानेवारी १९५० पासून. तारखेला केवढे वजन असते हे तेलंगणातील जनार्दन रेड्डी आणि त्यांच्याबरोबरच्या कैद्यांना कळले. विशेष न्यायाधिकरणांनी त्यांना देहदंड सुनावला होता आणि हैदराबादच्या हायकोर्टाने डिसेंबर १९४९ मध्ये त्यांची अपिले फेटाळली होती. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की घटना लागू होण्यापूर्वी अंतिम झालेल्या निकालावर आम्हाला अपील ऐकता येत नाही. थोड्या आठवड्यांचा फरक. हाच निकाल फेब्रुवारीत लागला असता तर त्यांचे अपील ऐकण्याचा अधिकार तरी न्यायालयाला असता. मी हा निकाल जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा न्यायाधीशांचा तर्क खोडता येत नाही आणि पटतही नाही.

लासूरला परत येऊ. १९५६ पर्यंत इथल्या माणसाचे हायकोर्ट हैदराबादला होते, म्हणजे रुळाच्या पूर्वेच्या टोकाला, रात्रभराच्या प्रवासावर. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हायकोर्ट पश्चिमेला गेले : मीटर गेजने मनमाड, तिथे पिशव्या उचलून गाडी बदलायची, मग मुंबई. अनुच्छेद २२६ खाली सरकारविरुद्ध रिट मागण्याचा हक्क लासूरच्या शेतकऱ्याला मुंबईकराइतकाच होता. पण त्याला भाडे, वकिलाची फी, मुंबईत राहायची सोय आणि बुडालेली मजुरी जोडा. तहसीलदाराच्या एका चुकीच्या हुकमासाठी इतका खर्च कोण करणार? म्हणजे तहसीलदाराचा हुकूम व्यवहारात पुन्हा गश्तीसारखाच झाला.

मराठवाड्याने खंडपीठाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश औरंगाबादला बसू लागले. आणि लगेच त्याच जुन्या प्रश्नाने डोके वर काढले : हा अधिकार कुणाचा? मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने, राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली ही व्यवस्था केली होती. आव्हान देणाऱ्यांचे म्हणणे, ते पोटकलम पुनर्रचनेच्या वेळच्या तात्पुरत्या सोयीसाठी होते, त्याचा जोर संपला. मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नारायण शामराव पुराणिक यांच्या प्रकरणात ते अमान्य केले : पोटकलम जिवंत आहे, मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार जिवंत आहे. १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. मला या भांडणात काही गैर वाटत नाही. मराठवाड्याच्या हिताची गोष्टसुद्धा कोणत्या कलमाखाली केली, हे विचारले गेले आणि सांगावे लागले. १८८३ मध्ये अघोरनाथांना हेच तर हवे होते.

आता लासूरहून खंडपीठात जायला पहाटे उठावे लागत नाही. सकाळच्या गाडीने दौलताबादचा किल्ला डावीकडे ठेवून तासाभरात औरंगाबाद. त्या गाडीत कधी बसलात तर पाहा, एखाद्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात : ग्रामपंचायतीच्या अपात्रतेचा हुकूम, बाजार समितीच्या मतदारयादीवरची हरकत, भूसंपादनाची नोटीस. जमिनीचा वाद असेल तर सर्वांत खाली १९५४-५५ च्या खासरा पाहणीची नक्कल असते, हैदराबाद राज्याच्या काळची, आणि तिच्याही खाली क्वचित एखादा उर्दू कागद, जो घरात आता कुणालाच वाचता येत नाही. वकील तो बघतात आणि विचारतात की हे वाचणारा कुणी शहागंजात राहिला आहे का.